दुसरं टिंब

बाळकुम, ठाणे
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. आई म्हणाली, पोस्टाने काही आलं की तुझ्या मामाच्या मनात आधी वाईटच येतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

फोन केला असता. पण मी इकडून ओरडणार, तू तिकडून ‘काय? काय?’ करणार आणि शेवटी मामी फोन घेऊन सांगणार, ‘प्रीते, यांना काही कळलं नाही, पण आनंद झालाय.’ अडतीस वर्षं लेथ मशीनवर काढलीस, त्यात बाजूला प्रेसचा धडाका. कान गेले ते गेले, वर यंत्र लावायला तयार नाहीस.

तर ऐक, म्हणजे वाच. एकवीस डिसेंबरला ठाण्यात राज्य स्पर्धा आहे, फक्त डेडलिफ्टची. जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं, बस. माझ्या वजनगटात दीडशे किलो उचलले तरच महाराष्ट्राच्या संघात नाव. मी दिवाळीपासून एकशे चाळीसवर अडकलेय, वीसचा बार आणि वीस-वीसच्या सहा प्लेट.

गेल्या वर्षीचं तुला आईने सांगितलं असेल की पाठीत चमक भरली म्हणून हरले. ते खोटं आहे. जिमच्या सरांनी शेवटचा आठवडा आराम सांगितलेला आणि मी गुरुवारी आणि शुक्रवारी गुपचूप जाऊन जड वजनं ओढलेली. रविवारी तिन्ही प्रयत्नांत बार गुडघ्याच्या वर गेलाच नाही. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलेली मी.

या वेळी अपूर्व सरांनी एक तारखेपासून टेपर लावलाय. स्पर्धा जवळ येईल तसा व्यायाम कमी करत न्यायचा. आधी निम्मा, मग त्याच्या निम्मा, शेवटच्या आठवड्यात जवळजवळ काहीच नाही. सर म्हणतात की कमावलेली ताकद थकव्याखाली दबलेली असते, थकवा उतरला की ती वर येते. मला हे सगळं पटतं, फक्त करता येत नाही. कमी केलं की वाटतं सगळं हातातून निसटतंय.

म्हणून सरांनी अट घातलीय. ‘ज्याच्याशी खोटं बोलता येत नाही अशा माणसाला पत्र लिही. आज काय केलं ते नको, काय केलं नाही ते लिही.’ मी तुझं नाव सांगितलं. जिममधल्या वीस-वीस किलोच्या सहाही प्लेट तूच एप्रिलमध्ये वागळेच्या वर्कशॉपमध्ये बनवून दिलेल्या. रोज बघतेच त्यांच्याकडे, मग तुझ्याशी खोटं कसं बोलणार?

तुझी,
प्रीती


डोंबिवली पूर्व
२७ नोव्हेंबर

चि. प्रीती हिस,
कुंडलिकमामाचा जय भीम व आशीर्वाद.

पत्र तुझ्या मामीने, मीराने, हातात दिलं आणि वाचून होईपर्यंत समोरून हलली नाही. वाचून झाल्यावर तिने पण वाचलं. मग दोघांनी चहा घेतला.

तुझ्या सरांना मी मानतो, पण हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही. आमच्याकडे डिलिव्हरी जवळ आली की ओव्हरटाइम लागायचा, सुट्टी नाही. परीक्षेच्या तोंडावर पुस्तक मिटायला सांगणारा मास्तर मी पहिल्यांदाच ऐकतोय. माझं ऐकशील तर रोज दोन जास्त उचल. कोणाला सांगायचं कारण नाही.

माझं म्हणशील तर मी मे महिन्यात रिटायर झालो, पण सकाळी सातला डबा घेऊन निघतोच. वागळेला जातो, मशीन पुसतो, नवीन पोरांना टूल धरायला शिकवतो. शेठ बोलत नाही, मीरा मात्र बोलते. परवा शेजाऱ्यांना सांगत होती, ‘यांना केक कापून घरी पाठवलं, हे केक खाऊन परत गेले.’

एकशे चाळीसवर अडकलीस म्हणतेस. मग ते खरंच एकशे चाळीस आहेत, एवढं लक्षात ठेव. बाजारच्या चकत्यांचा भरवसा नसतो, माझ्या चकत्यांचं माप म्हणजे माप. अडतीस वर्षांत माझा एक जॉब माप चुकलं म्हणून परत आला नाही.

काय केलं नाहीस ते कळव. मी खोटं पकडतो, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
मामा

ता. क. मीराने डिंकाचे लाडू केलेत. तुझ्या वजनगटाचं काय ते तिला सांग, माझं ती ऐकत नाही.


बाळकुम
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय मामा,
जय भीम.

‘रोज दोन जास्त उचल’? मामा! मी तुला पहारेकरी नेमलंय आणि तू चोराला शिडी लावून देतोयस. तुझं पत्र सरांना दाखवलं असतं तर त्यांनी तुलाही जिमबाहेर काढलं असतं.

आता तुझ्याच भाषेत सांगते. मी पाचवीत असताना मे महिन्यात तू मला वागळेला नेलेलंस, आठवतं? स्टुलावर बसवलेलंस आणि हात मांडीखाली ठेवायला लावलेलेस. पहिला कट तू खोल मारलास, लोखंडाचा कीस जाड आणि निळा पडत होता. मग कमी, मग आणखी कमी, आणि शेवटचा कट इतका हलका की कीस केसासारखा निघाला. मी विचारलेलं, ‘मामा, शेवटी घाबरतोस का रे?’ तू म्हणालेलास, ‘फिनिश कटाने माप येतं. तिथे जोर लावला की जॉब मेला.’ मग मोजलंस आणि ओरडलास, ‘माप आलं!’ अख्खं वर्कशॉप हसलेलं.

टेपर म्हणजे तेच रे. मी जूनपासून खोल कट मारतेय, आता फिनिश कट आहे.

आज काय केलं नाही: पाच सेटऐवजी दोनच केले. जिना चढले नाही, लिफ्टने गेले आणि लिफ्टमध्ये मला लाज वाटली. शेजारच्या शांताबाईंचा सिलिंडर आत ठेवून दिला नाही. त्या दारात उभ्या राहून माझ्या दंडांकडे बघत राहिल्या. आईने गाद्या उन्हात टाकायला सांगितल्या तेव्हा मी सरांचा नियम सांगितला, तर आईने तिचा नियम सांगितला. गाद्या टाकल्या. पण एकेक करून.

आता सहा तारखेचं. दरवर्षी चैत्यभूमीला आपल्या पुस्तकांच्या स्टॉलवर खोकी मीच उतरवते. या वर्षी सर म्हणाले, जा, पण बस. मी येणार आहे, न येण्याचा प्रश्नच नाही. पण बसून काय करू?

प्रीती


डोंबिवली
सोमवार, ८ डिसेंबर

चि. प्रीती,
आशीर्वाद.

सहा तारखेला तू शहाण्यासारखी खुर्चीवर बसून पुस्तकं लावलीस, लोकांना हवं ते शोधून दिलंस. मीराने तुझ्यावर नजर ठेवली. पण मीरा पाणी आणायला गेली तेव्हा टेम्पोतली चार खोकी खाली कशी आली? मला ऐकू येत नाही, दिसतं. तुझ्या सरांना मी काही कळवणार नाही. यापुढे मात्र चार नाही आणि एकही नाही. मागच्या पत्रात मी जे दोन जास्त उचलायचं लिहिलं होतं ते खोडलं समज.

तुझं फिनिश कटाचं वाचून दोन दिवस बरं वाटत होतं. पोरीने बरोबर ध्यानात ठेवलं म्हणून मीराला तीनदा वाचून दाखवलं.

एक बारीक चौकशी आहे. माझ्या चकत्यांवर मागच्या बाजूला, भोकाजवळ, सेंटर पंचाने मारलेलं टिंब असेल. एक आहे की दोन? सहाही बघून कळव. विशेष काही नाही, सहज आठवलं म्हणून विचारतो.

तुझा,
मामा


बाळकुम
गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय मामा,

टिंब एकच आहे, सहाही प्लेटवर. झालं समाधान? माझ्याकडे इथे आग लागलीय आणि तू टिंबं मोजायला लावतोस.

आज शेवटचा जड दिवस होता. याच्यानंतर स्पर्धेपर्यंत हलकंच. सरांच्या हिशेबाने दहा दिवसांच्या टेपरने आज एकशे चाळीस सहज यायला हवे होते. आले, पण कसे आले ते विचारू नकोस. पाय थरथरत होते. मग सरांनी अडीच किलो वाढवले. बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. गेल्या वर्षी थांबलेला तिथेच, मामा.

सर वहीत लिहीत बसले. मग म्हणाले, ‘दीडशेचं सोडून देऊ. एकशे पंचवीसने सुरुवात करू, मग एकशे साडेबत्तीस, शेवटी एकशे चाळीस. इज्जतीत घरी येऊ.’ ते माझ्या चांगल्यासाठीच बोलले, पण मला इज्जतीत घरी यायचं नाहीये. मला संघात जायचंय. पुढच्या वर्षी मला पंचवीस पूर्ण होतील, आई स्थळं बघायला काढणार, ऑफिसात आत्ताच सुट्ट्यांवरून बोलतात. हे माझं शेवटचं मोकळं वर्ष आहे, हे मला कळतंय.

तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहिते. रविवारी सकाळी जिम बंद असते. चावी माझ्याकडे आहे. मी जाणार आहे. टेपरने काही होत नाहीये, माझ्या अंगात ताकदच कमी पडतेय, ती आता आठवड्यात जेवढी भरता येईल तेवढी भरणार. रागावू नकोस.

प्रीती


डोंबिवली
शनिवार, १३ डिसेंबर, दुपार
हस्ते: सौ. मीराबाई

चि. प्रीती,

तुझं पत्र आत्ता आलं. हे पोस्टात टाकलं तर रविवार निघून जाईल, म्हणून मीरा उद्या सकाळी स्वतः घेऊन येईल. ती म्हणाली, फोन करून सांगते. मी म्हटलं, चूक माझी, मग अक्षरही माझंच पाहिजे. मीच यायला हवं होतं. तोंड दाखवायचं धाडस झालं नाही.

नीट वाच. आमच्या वर्कशॉपची पद्धत आहे. जॉबला रफ कट झाला, फिनिश कट बाकी आहे, तर एक टिंब. माप आलं, जॉब पूर्ण झाला, तर दुसरं टिंब. दोन टिंबं नसलेला जॉब मी दरवाजाबाहेर जाऊ दिला नाही.

तुझ्या चकत्यांवर एकच टिंब आहे.

एप्रिलच्या अखेरीस त्या केल्या. रफ करून ठेवल्या. धातू काढता येतो, परत लावता येत नाही, म्हणून शेवटच्या कटासाठी जाडीत पाऊण मिलीमीटर जास्त ठेवतो मी. उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक मोठी डिलिव्हरी आली, तिसऱ्या दिवशी माझा निरोपसमारंभ. हार, फोटो, केक. तेवढ्यात तुझ्या सरांचा टेम्पो येऊन चकत्या घेऊन गेला. मी गळ्यात हार घालून उभा होतो आणि टेम्पोला हात केला. तुझं फिनिश कटाचं वाचलं आणि मला तो टेम्पो आठवला.

पाऊण मिलीमीटरने एका चकतीत पाऊण किलो वाढतं. सहा चकत्यांत साडेचार. तू जे एकशे चाळीस म्हणून उचलतेस ते एकशे साडेचव्वेचाळीस आहेत. जे गुडघ्याशी अडकलं ते एकशे सत्तेचाळीस होतं. तुझ्या अंगात काही कमी नाही. कमी माझ्या कामात राहिलं.

आठ तारखेलाच मला संशय होता. तरी ‘सहज आठवलं’ असं लिहिलं. खात्री नव्हती हे एक, आणि लाज वाटली हे खरं कारण. माझ्या चकत्यांचं माप म्हणजे माप, असं मीच तुला लिहून बसलो होतो. त्या पाच दिवसांत तुझं मन खचलं, ते माझ्या माथ्यावर.

सरांना हे पत्र दाखव. आणि बाई, त्या बारला हात लावू नको. फिनिश कट चालू आहे.

मामा


बाळकुम
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय मामा,

आधी तू ते तोंड वर कर. मग वाच.

सकाळी आठ वाजता मी जिम उघडलेली. पट्टा कमरेला बांधलेला, हाताला खडूची पावडर, बारवर एकशे चाळीस लावलेले. आणि शटरखालून पायातली चप्पल दिसली. मी मामीची चप्पल ओळखते. ती आधी आपल्या घरी गेली, आईला मी कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण मामीला माहीत होतं. आत आली, पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘आधी पट्टा सोड. पट्टा बांधून पत्र वाचायचं नसतं.’

मी वाचलं. मग प्लेट उलटी करून टिंबावर बोट फिरवलं. मग हसायला लागले. मामीला वाटलं माझं डोकं फिरलं, तिने मला पाणी पाजलं.

सरांना बोलावून घेतलं. ते वजनकाट्यावर एकदा नुसते आणि एकदा प्लेट घेऊन, असे सहा वेळा चढले-उतरले. वीस किलो सातशे. वीस सातशे पन्नास. वीस आठशे. सर खाली बसले आणि म्हणाले, ‘दिवाळीपासून मी हिला ओरडतोय की तू पुढे सरकत नाहीस.’ मग वही काढली. थकलेल्या अंगाने साडेचव्वेचाळीस, म्हणजे ताज्या अंगाने दीडशे होऊ शकतात. होतीलच असं नाही म्हणाले. पण आता सुरुवात एकशे पस्तीस, मग पंचेचाळीस, मग दीडशे.

मी विचारलं, ‘पंचावन्न लावूया का?’ सरांनी पट्टाच काढून घेतला. तो आता स्पर्धेच्या दिवशी मिळणार.

तुझ्यावर रागावले का? हो, प्लेटवरून नाही. आठ तारखेला सांगितलं असतंस तर मी तीन दिवस उशीत तोंड खुपसून झोपले नसते. पण मीही तुझ्यापासून खोकी लपवलेली, आणि सरांपासून चावी. फिटलं.

आता माझी अट. मामीने परत जाताना रिक्षात बसता बसता सांगितलं की तू मेपासून एक दिवस घरी थांबला नाहीस, आणि थांबलास की सारखा घड्याळ बघतोस. तर तूही टेपर लाव. एकदम बंद नको, गंजशील. या आठवड्यात वागळेला तीनच दिवस. पुढच्या आठवड्यात दोन, मग एक. आणि बाकीच्या दिवशी काय केलं नाहीस ते मला लिहायचं.

मी आज जिमला गेले, पण काहीच उचललं नाही. हे खरंच आहे, मामीला विचार.

प्रीती


डोंबिवली
गुरुवार, १८ डिसेंबर

चि. प्रीती,
आशीर्वाद.

अट मान्य. सोमवारी गेलो, मंगळवारी गेलो नाही, बुधवारी गेलो, आज गेलो नाही. काय केलं नाही ते लिहितो. मंगळवारी डबा भरायला सांगितला नाही, तरी मीराने सवयीने भरला आणि मी तो खिडकीत बसून खाल्ला. तोच डबा, तीच भाजी, पण अकरा वाजताच संपला. मग मी मिक्सर उघडला. बिघडला नव्हता. आता बिघडलाय. आज कुकरची शिटी दुरुस्त करायला घेतली तर मीराने पान्हा लपवला. दुपारी झोपलो. दिवसाढवळ्या झोपायची माझ्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण सांगतो, चांगली लागली.

मला एक कळलं. काम कमी झालं की माणूस बिघडत नाही. आपण संपलो की काय, या भीतीने बिघडतो. तुला तीन आठवडे काय वाटत असेल ते मला दोन दिवसांत समजलं.

रविवारी आम्ही दोघे येतो. पुढच्या रांगेत जागा धर. मला दिवे दिसायला पाहिजेत. पांढरे म्हणजे पास ना? लाल म्हणजे नापास?

मामा

प्रीते, मी मामी. यांनी काल झोपेत ‘माप, माप’ म्हटलं. लाडू आणत नाही, स्पर्धा झाल्यावर आणते. तू नुसती उभी राहा बाई, आम्हाला तेवढ्यानेच भरून येईल. पान्हा मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय, सांगू नको.


बाळकुम
सोमवार, २२ डिसेंबर

प्रिय मामा,

काल तू पुढच्या रांगेत होतास, म्हणजे बघायचं ते सगळं बघितलंस. ऐकायचं राहिलं. ते लिहून पाठवते.

पहिला प्रयत्न, एकशे पस्तीस. तू पाहिलंस की बार पटकन वर आला आणि तीन लाल दिवे लागले, आणि तुझा चेहरा पडला. झालं असं की तो इतका हलका आला की मीच दचकले, आणि रेफ्रीने ‘डाऊन’ म्हणायच्या आधीच खाली ठेवला. हुकूम येईपर्यंत धरायचा असतो. मी खाली उतरले तेव्हा रडायच्या बेतात होते. सर काय म्हणाले ते तुला ऐकू गेलं नाही. म्हणाले, ‘हलका लागला ना?’ मी म्हटलं, हो. ‘मग रडतेस कशाला?’

परत पस्तीसच लावायचे की पुढे जायचं, असा प्रश्न होता. मी म्हटलं, पंचेचाळीस. टेबलावरच्या बाईंनी दोनदा विचारलं, ‘नक्की?’ सर म्हणाले, ‘नक्की. हिने यापेक्षा जड उचललंय, तिलाच माहीत नव्हतं.’ ते तीन पांढरे दिवे तू पाहिलेस.

मग दीडशे. तुला वाटलं असेल सगळे शांत बसलेत. काही शांत नव्हतं. मागे कोणाचा तरी फोन वाजत होता, एक लहान मूल वेफर्स मागत होतं, आणि मामी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘प्रीते, मामाकडे बघू नको, बारकडे बघ!’ कारण तू डोळे पुसत होतास, आणि मी खरंच तुझ्याकडे बघत होते.

गुडघ्याशी बार थांबला, तू पाहिलंस. मला वाटलं, झालं, परत तिथेच. पण पाय थरथरले नाहीत, मामा. आत कुठेतरी अजून शिल्लक होतं. तीन आठवडे जे खर्च केलं नाही ते सगळं तिथे होतं. मी नुसती ढकलत राहिले आणि एकदम सरळ उभी होते. मग ‘डाऊन’ येईना. येईना म्हणजे एखादा सेकंद गेला असेल, पण माझी नखं पांढरी पडली. आलं. ठेवला.

दिवे लागले तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि काहीतरी ओरडलास. ते तुला स्वतःलाही ऐकू गेलं नसेल. तू ओरडलास, ‘माप आलं!’ हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही, निवेदकसुद्धा थांबला. मला कळलं. मी त्यानंतरच रडले, दिव्यांमुळे नाही.

नाव संघात आलंय. फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धेला जायचंय. आईने स्थळांची वही कपाटात वर ठेवलीय, स्टूल घेऊनसुद्धा तिचा हात पोचत नाही तिथे. तिनेच ठेवायला सांगितलं, मीच ठेवली.

सर म्हणतात प्लेट तशाच राहू देत, नशिबाच्या आहेत, फक्त आकडा बदलून लिहूया. काय म्हणतोस?

तुझी,
प्रीती


डोंबिवली
सोमवार, २९ डिसेंबर

चि. प्रीती,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मीराने जपून ठेवलंय, मला रोज एकदा मागून घ्यावं लागतं. मी ओरडलो हे मला माहीत नव्हतं. मीरा म्हणते, अडतीस वर्षं यांच्याबरोबर संसार केला, हा आवाज पहिल्यांदा ऐकला.

तुझ्या सरांना सांग, चकत्या तशा राहणार नाहीत. नशिबाची चकती, असं काही नसतं. एका टिंबाचा जॉब माझ्या नावावर बाहेर फिरतोय हे मला चालणार नाही. शनिवार माझ्या ठरलेल्या दोन दिवसांतला दुसरा होता. सरांकडून रिक्षाने चकत्या वागळेला मागवल्या. पोरांना बाजूला उभं केलं, म्हटलं, बघा. एकेक चकती लेथच्या चकमध्ये धरली आणि फिनिश कट मारला. घाई केली नाही. संध्याकाळपर्यंत सहाही झाल्या. मोजल्या. वीस म्हणजे वीस.

मग सहाही चकत्यांवर दुसरं टिंब मारलं.

सरांचा माणूस चकत्या परत घेऊन गेला असेल. आता तिथे एकशे चाळीस वाटले तर ते एकशे चाळीसच आहेत, पुढचा हिशेब त्याच्यावर कर. या पत्राबरोबर एक पिशवी येईल, मीराने दोनदा गाठ मारलीय. उघडून आत हात घालू नकोस, कापेल. लोखंडाचा कीस आहे, त्या सहा चकत्यांतून निघालेला. वजन करून बघ, साडेचार किलो भरेल. तू मे महिन्यापासून हा फुकट वर उचलत होतीस. मी कधी म्हणालो नाही, आता म्हणतो. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तो या पिशवीच्या आधीपासून वाटतो.

निघताना सेंटर पंच शेठच्या टेबलावर ठेवला. पोरांना हात केला. टेम्पो नव्हता, हार नव्हता, केक नव्हता. डबा घेऊन घरी आलो.

रोजचं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. सकाळी सातला उठलो, चहा घेतला, मीराने पान्हा कुठे लपवला होता ते तिने स्वतःहून सांगितलं. मिक्सर दुरुस्त झाला. आज मी वागळेला गेलो नाही.

तुझा,
मामा